पान पाचवरचा फोटो

सटाणा बाजार समितीतले निवृत्त कर्मचारी पोपट नथू शेवाळे यांच्या निधनाची बातमी गेल्या वर्षी उन्हाळ्यात, एका मंगळवारी, आमच्या दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत पान पाचवर छापून आली. बातमीतलं नाव बरोबर होतं. वय बरोबर होतं. पश्चात मुलगा, मुलगी असा परिवार आहे, हेही बरोबर होतं. फोटो चुकला होता. तो शेवाळे यांचा नव्हता, त्यांचा मुलगा किरण याचा होता. एका विनोदी चित्रपटात किरणने वडिलांचं सोंग घेतलं होतं, तेव्हाचा.

मी त्या दैनिकात चित्रपटाचं पान पाहत होते. यंदा निवृत्त झाले. या दिवाळी अंकासाठी कामातले अनुभव मागितले गेले, तेव्हा नटनट्यांचे किस्से अपेक्षित असणार. जिल्ह्याच्या ठिकाणी तसे किस्से फार घडत नाहीत. मुंबईहून प्रसिद्धिपत्रक येतं, त्यासोबत फोटो येतात, ते लहान करून लावायचे. शुक्रवारी चित्रपट पाहायचा, शनिवारी परीक्षण लिहायचं, तारे द्यायचे. उरलेला वेळ येणाऱ्या माणसांत जातो.

येणारी माणसं बहुतेक एकाच कामासाठी यायची. पिंपळगाव बसवंतचे एक शीतगृहाचे मालक होते. त्यांनी चित्रपट काढला आणि नायकाचं काम स्वतः केलं. परीक्षण आल्यावर ते द्राक्षांची पेटी घेऊन आले आणि खुर्चीत न बसता म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं चांगलं लिहिलंय. वय कशाला लिहिलं?"

"वय नाही लिहिलं. अनुभवी नायक, असं लिहिलं आहे."

"तेच की."

इगतपुरीचे एक गृहस्थ रेल्वेत होते. तिकडे चित्रीकरण आलं की सुट्टी टाकून गर्दीत उभे राहायचे. नंतर फोटो घेऊन यायचे. फोटोत गर्दी असायची आणि एका पाठमोऱ्या डोक्याभोवती पेनाने गोल केलेला असायचा. "हा मी," म्हणायचे. त्या गोलासकट फोटो छापता येईल का, असं त्यांनी एकदा विचारलं होतं.

आपण दिसावं, नाव यावं, एवढंच सगळ्यांना हवं असायचं. पडद्यावर नाव आलेला माणूस वेगळा आहे, एवढं छापा, असं सांगणारा माणूस माझ्या सगळ्या नोकरीत एकच भेटला. ते पोपट शेवाळे. त्यांना सगळे आप्पा म्हणत.

आप्पांचं काम समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ट्रॉल्या रांगेत लागतात. लिलाव पुकारणारा कर्मचारी एकेका ट्रॉलीपाशी जातो, त्याच्या मागे व्यापाऱ्यांचा घोळका चालतो. तो हातात कांदा घेतो, भाव पुकारतो, व्यापारी चढवत नेतात. चढायचा थांबला की पुकारणारा शेवटचा भाव धरून "एक" म्हणतो, मग "दोन", मग "तीन". तीन म्हटलं की सौदा झाला. बरेच पुकारणारे हे तीन शब्द एका दमात संपवतात, कारण मागे ट्रॉल्यांची रांग असते. आप्पा दोन म्हटल्यावर थांबायचे आणि ट्रॉलीच्या मालकाकडे पाहायचे. भाव मान्य नसेल तर शेतकरी सौदा नाकारू शकतो. पण भरल्या घोळक्यात, व्यापाऱ्यांच्या तोंडावर नाही म्हणायला माणसाला जरा अवधी लागतो. आप्पा तो अवधी देत. शेतकऱ्याने नकाराची मान हलवली की पुढच्या ट्रॉलीकडे जात. नाही हलवली तर तीन म्हणत. बागलाण तालुक्यातले शेतकरी आप्पा कुठल्या रांगेला आहेत हे पाहून ट्रॉली लावायचे, असं मला तिथल्या दोघातिघांनी सांगितलं.

किरण हे लहानपणापासून पाहत होता. कॉलेजसाठी तो नाशिकला आला, नोकरी धरली, सोडली आणि कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत माईकसमोर उभा राहू लागला. स्टँडअप म्हणजे एकट्याने उभं राहून तासभर लोकांना हसवायचं. साधनं नसतात, सोबतीला कुणी नसतं, त्यामुळे हे कलाकार पहिल्यांदा घरचीच माणसं वापरतात. किरणने आप्पा वापरले. त्याचे आप्पा घरातही लिलाव पुकारायचे. भाजीचा, म्हशीचा, मुलाच्या लग्नाचा. "एक," म्हणायचे. "दोन," म्हणायचे. मग थांबायचे, समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायचे, कपाळावर शीर ताठ व्हायची, आणि तीनच्या जागी पोटातला वारा सुटायचा. आवाज किरण तोंडाने काढायचा. तो उत्तम काढायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॅफेतली माणसं खुर्च्यांवरून वाकली होती. मीही हसले होते. त्या थांबण्याचा खरा अर्थ तेव्हा माहीत नव्हता.

त्या प्रयोगाचा तुकडा मोबाइलवर फिरला. तो सटाण्यात पोहोचायला वेळ लागला नाही. आप्पा नोकरीत होते. आवारात ते दोन म्हणून थांबले की घोळक्यातून कुणीतरी तोंडाने आवाज काढू लागलं. व्यापारी हसायचे, हमाल हसायचे. एकदा कळवणकडच्या एका शेतकऱ्याने लिलाव संपल्यावर आप्पांना थांबवून सांगितलं की, माझा माल हसण्यात गेला, मला नको म्हणायचं होतं. त्यानंतर आप्पांनी कार्यालयात जाऊन पुकारण्याचं काम सोडलं आणि गेटवर आवक नोंदवण्याचं मागून घेतलं. निवृत्तीपर्यंत ते गेटवर होते. हे मला त्यांची मुलगी मंगल हिने सांगितलं. आप्पांनी कुणाला सांगितलं नव्हतं. किरणला तर नाहीच.

आप्पा निवृत्त झाल्यावर किरणला चित्रपट मिळाला. नाव 'आप्पा एक, आप्पा दोन'. किरणची दुहेरी भूमिका होती, बापही तोच आणि मुलगाही तोच. गोष्ट सांगण्यासारखी नाही. शौचालयाच्या दारासमोर तीन प्रसंग आहेत, एका प्रसंगात नवरदेवाची पँट फाटते, शेवटी कांद्याची ट्रॉली लग्नाच्या मांडवात उलटते. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी आप्पा दोन म्हणून थांबतात. बापाच्या भूमिकेचं पूर्ण नाव 'पोपट नथू शेवाळे' असं ठेवलं होतं. प्रसिद्धीसाठी जे फोटो आले, त्यातल्या बापाच्या प्रत्येक फोटोखाली हेच नाव होतं. आमच्याकडे फोटो साठवताना सोबत आलेलं नाव तसंच चढवतात. त्याप्रमाणे ते चढलं.

चित्रपट लागण्याच्या आधी मी आणि आमचे छायाचित्रकार विलासराव सटाण्याला गेलो. 'ताऱ्याच्या घरी' असं आमचं एक सदर होतं. या सदराची रीत ठरलेली असायची. आईवडील मुलाला पेढा भरवताहेत असा फोटो, दोन आठवणी, लहानपणीचा एक खोडकरपणा, शेवटी आशीर्वाद. दहावीत पहिला आलेल्या मुलापासून नटापर्यंत सगळ्यांना आम्ही हीच रीत लावायचो.

घर नामपूर रस्त्यावर होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा आप्पा अंगणाच्या फाटकाशी उभे होते. उंच, पांढरी टोपी, सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. शेजारचे एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून खाली उतरले होते.

"आप्पा, आज काय भाव निंघी?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

आप्पांनी ट्रॉलीतून एक कांदा उचलला, अंगठ्याने दाबला, वरची पात चोळली आणि त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मान ओली शे. दोन दिन वाळू दे."

शेतकऱ्याने ट्रॅक्टर घराकडे वळवला. विलासरावांनी तेवढ्यात उजेड तपासायला कॅमेरा उघडला होता.

आत किरण होता, पेढ्यांचा बॉक्स त्यानेच आणला होता. मंगलताईंनी पाणी दिलं. त्या तिथल्याच शाळेत शिक्षिका, आप्पांसोबत राहायच्या. आई किरणच्या लहानपणीच गेलेली. आप्पांना आणि किरणला शेजारी बसवून विलासरावांनी पेढा भरवायला सांगितलं. आप्पांनी पेढा उचलला.

"छान. आता आप्पा, तुमचं ते करा ना," विलासराव म्हणाले. "एक, दोन..."

आप्पांनी पेढा बशीत ठेवला. "ते मी करत नाही."

किरण हसला. "आप्पा, फोटोपुरतं शे ओ. फोटोमा आवाज येस का?"

"मंग तूच कर. तुले चांगलं येस."

पुढे आप्पा बसून राहिले, पण कॅमेरा वर झाला की मान दाराकडे वळायची. विलासरावांनी बरेच फोटो काढले. मी ठरलेले प्रश्न विचारले. लहानपणी किरण कसा होता? "शांत." तुमची नक्कल करायचा? "करायचा." तुम्हाला काय वाटायचं? आप्पांनी पेढ्याची बशी बाजूला सरकवली. मी वही बंद केल्यावर ते म्हणाले, "तुम्ही लिहिणार ना? मग एक लिहा. पिक्चरमध्ये नाव माझं आहे. माणूस वेगळा आहे."

"आप्पा, चहा घ्या," मंगलताई म्हणाल्या.

"घेतो. त्यांनी लिहिलं का बघ."

मी वही उघडून लिहिलं. त्यांनी ते होईपर्यंत कपाला हात लावला नाही.

गाडीपर्यंत किरण सोडायला आला. "मॅडम, त्यांचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "नाव ठेवायचं मीच ठरवलं. निर्माता म्हणत होता, दुसरं काहीतरी ठेव. मी म्हटलं, नाही, बापाचं नाव पडद्यावर येऊ दे. एवढी वर्षं नोकरी केली, बाजार समितीच्या एका पाटीवर नाव नाही त्यांचं."

"त्यांना विचारलं होतं?"

"सरप्राइज होतं ना ते."

तो हे गंभीरपणे सांगत होता. तो मनापासून बोलतोय, असा तेव्हा माझा समज झाला आणि आजही तोच आहे.

आप्पांचं वाक्य मी मजकुरात जसंच्या तसं दिलं. शीर्षक देण्याचं काम पुरवणीच्या डेस्कचं असतं. तिथे भालेराव नावाचे उपसंपादक होते. जुने, नेटके, वेळेत पान देणारे. विनोदी नटाच्या वडिलांचं वाक्य त्यांच्यासमोर आलं. शनिवारी शीर्षक छापून आलं, "'नाव माझं, माणूस वेगळा!' आप्पांची मिश्कील कोपरखळी". फोटो पेढ्याचा होता. त्यात किरणचा चेहरा आहे आणि आप्पांची टोपी.

चित्रपट मी नाशिकमध्ये दुपारच्या खेळाला पाहिला. थिएटर भरलेलं होतं. मध्यंतरानंतर पडद्यावरच्या आप्पांनी एक म्हटलं की प्रेक्षकच दोन म्हणायचे, आणि मग शेकडो माणसं एकदम गप्प व्हायची. त्या शांततेत लहान मुलं तोंड दाबून वाट पाहायची. चित्रपटाला मी दोन तारे दिले. अभिनयाबद्दल चांगलं लिहिलं, कारण तो चांगला होता. चित्रपट चालला. पुढे तो मोबाइलवर आला, टीव्हीवर आला, आणि सणावारी अजून लागतो.

त्यानंतर आप्पांनी आठवडे बाजाराला जाणं थांबवलं. लग्नांना जाणं थांबवलं. जावंच लागलं तर फोटोच्या वेळी हात धुवायला उठायचे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मंगलताईंनी सांगितलं ते सगळं झाल्यावर.

निधनवार्ता कशी छापतात, तेही सांगते. नातेवाईक किंवा गावचा वार्ताहर चार ओळी पाठवतो, सोबत फोटो. त्या चार ओळींना कुणी हात लावत नाही, कारण त्यात एक चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दारात माणसं येतात. आप्पांची बातमी सटाण्याच्या वार्ताहराने पाठवली. हृदयविकाराचा झटका. फोटो नंतर पाठवतो, असं खाली लिहिलं होतं. तो आला नाही. पान पाच त्या दिवशी भालेरावांकडे होतं. फोटोशिवाय बातमी लावता आली असती. त्यांनी संग्रहात नाव टाकलं. पोपट नथू शेवाळे या नावाने पुष्कळ फोटो समोर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला मंगलताईंचा फोन आला.

"मॅडम, मी मंगल. सटाण्याहून. फोटो कुणी दिला?"

मी पेपर उघडलेला नव्हता. त्यांना थांबायला सांगून उघडला.

"आमच्या संग्रहातला आहे," मी म्हटलं.

"दारात बसायला माणसं आली होती. एकांच्या हातात पेपर होता. त्यांनी बघितला आणि तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले. मला वाटलं, रडतायत. किरणने दिला का? खरं सांगा."

"नाही. चित्रपटाच्या वेळी आलेले फोटो आहेत."

"आप्पांच्या नावाने?"

"हो."

"नाव कुणी दिलं मग?"

फोन त्यांनी ठेवला.

ऑफिसात भालेराव माझ्या टेबलाशी आले. पेपरची घडी त्यांच्या हातात होती. "मला खरंच वाटलं, हेच आप्पा," ते म्हणाले. "मी कधी पाहिलंय त्यांना? उलट सगळे वात्रट फोटो सोडून हा घेतला. शोधून शोधून गंभीर घेतला."

फोटो गंभीर होता. टोपी, ताठ मान, समोर रोखलेली नजर, मिटलेले ओठ, कपाळावर एक शीर. चित्रपट पाहिलेल्या कुणालाही तो लगेच ओळखू आला असता. दोन आणि तीनच्या मधला तो क्षण होता. भालेरावांनी चित्रपट पाहिलेला नव्हता.

अशा चुकीनंतर दिलगिरी छापतात. दोन ओळी, लहान टाइप, पानाच्या तळाला. फोटो पुन्हा छापत नाहीत. संपादक म्हणाले, "फोटो लावला की ज्यांनी चूक पाहिली नाही, त्यांनाही ती कळते." सगळ्याच वर्तमानपत्रांत असं चालतं. दिलगिरी छापली गेली. मंगलताईंनी पुन्हा फोन केला. आवाज शांत होता.

"यात आप्पा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुम्ही लिहिलंय, अनवधानाने दुसरा फोटो छापला गेला. मग पहिला कुठाय? त्यांचा चेहरा कुठाय? दहाव्याला गावोगावची माणसं येणार. ज्यांच्या ट्रॉल्या त्यांनी पुकारल्या ती माणसं येणार. त्यांच्या घरात तुमचा तो पेपर आहे, मॅडम. मला दहाव्याच्या आत आप्पांचा फोटो पेपरात पाहिजे. आप्पांचा."

मी संपादकांशी बोलले. दशक्रियेची छोटी बातमी लावता येईल, तिच्यासोबत फोटो जाईल, चुकीचा उल्लेख करायचा नाही, असं ठरलं. फोटो पाठवा, असं मी मंगलताईंना कळवलं.

घरात फोटो नव्हता. आधार कार्डावर होता, पण त्यात डोळे अर्धे मिटलेले होते. नोकरीला लागतानाचा एक होता, त्यातला काळ्या केसांचा तरुण आता कुणाला ओळखू आला नसता. लग्नांच्या अल्बममध्ये ते कुठेच नव्हते. किरणच्या मोबाइलमध्ये वडिलांचा एकही फोटो निघाला नाही. स्वतःचे, वडिलांच्या वेषातले, भरपूर होते.

विलासराव तोवर निवृत्त होऊन पंचवटीत घरीच असायचे. सटाण्याचे सगळे फोटो त्यांच्या डिस्कवर होते. त्यांनी ते एकेक उघडून दाखवले.

"चेहरा दिलाच नाही हो त्यांनी," ते म्हणाले. "हे बघा, दाराकडे. हे दाराकडे. इथे टोपी. इथे पोराच्या खांद्याआड."

शेवटपर्यंत पाहून त्यांनी पहिल्या फोटोकडे परत नेलं. तो फाटकाशी काढलेला होता.

"हा तर मी उजेड बघायला मारला होता. कामाचा नाही."

आप्पांच्या हातात कांदा होता. चेहरा पूर्ण दिसत होता. ते शेजारच्या शेतकऱ्याकडे पाहत होते.

फोटो मी मंगलताईंना पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "हेच." पान लावताना भालेरावांनी विचारलं, "एका कॉलमात बसत नाही. हात कापू का?" हात ठेवला. खालच्या बातमीच्या दोन ओळी कमी केल्या.

दशक्रिया नाशिकला गोदाघाटावर झाली. बातमी त्याच सकाळी आली होती. मंगलताईंनी पेपरच्या वीस-पंचवीस प्रती आणवून कुंडाच्या पायरीवर ठेवल्या होत्या. येणारा माणूस एक उचलायचा, पान पाच उघडायचा, पाहायचा. बाजार समितीतले लोक होते, हमाल होते, शेतकरी होते. मागच्या बाजूला किरणला पाहायला आलेली बरीच तरुण मुलंही उभी होती. आमच्या भागात दशक्रियेला गेलेल्या माणसाबद्दल बोलण्याची पद्धत आहे. समितीत मालाचं वजन करणारे एक जुने मापारी बोलले. आप्पा थांबायचे, म्हणून मी एकदा माझा कांदा परत नेऊ शकलो, असं एका शेतकऱ्याने सांगितलं.

मग किरणचं नाव पुकारलं. तो उठला. डोक्याचं मुंडण केलेलं होतं, अंगावर साधा सदरा होता. त्याने हात जोडले. "आप्पा..." म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. तो तसाच उभा राहिला. मान ताठ, ओठ मिटलेले, नजर समोर. आवंढा गिळताना कपाळावर शीर आली.

मागे कुणीतरी हसलं. एकच. मग आणखी दोघंतिघं, दाबून. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं.

किरण खाली बसला. मंगलताई त्याच्या शेजारी होत्या. त्या उठून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसल्या.

निवृत्त होण्याआधी मी संग्रहातल्या त्या सगळ्या फोटोंखालचं नाव बदललं. 'किरण शेवाळे, भूमिकेत' असं केलं. पोपट नथू शेवाळे या नावाखाली आता तिथे एकच फोटो आहे. हा बदल आमच्या ऑफिसपुरता आहे. मोबाइलवर नाव टाकलं तर पहिल्या रांगेत अजून चित्रपटातलेच फोटो येतात. हे लिहिताना पुन्हा टाकून पाहिलं.

किरणने कार्यक्रमातून आप्पा काढून टाकले, असं तो सांगतो. नाशिकला मी पाहिलेल्या कार्यक्रमात ते नव्हते. शेवटी प्रेक्षकांतून "एक!" अशी आरोळी आली, मग सगळ्या बाजूंनी "दोन!" किरणने नमस्कार केला आणि माईक स्टँडला लावून तो आत गेला. लोक काही वेळ बसून होते. हाही कार्यक्रमाचाच भाग असावा, असं शेजारचे एक गृहस्थ बायकोला सांगत होते.

या उन्हाळ्यात आप्पांचं वर्षश्राद्ध झालं. त्या सकाळी सटाण्यातल्या चौकात एक मोठा फ्लेक्स लागला. 'प्रथम पुण्यस्मरण, कै. पोपट नथू शेवाळे (आप्पा)'. खाली 'किरणदादा मित्रमंडळ'. मुलांनी आपुलकीने लावला होता, वर्गणी काढून. फोटो त्यांनी मोबाइलवरून घेतला होता. मंगलताईंनी मला तो पाठवला. सोबत एकही शब्द नव्हता. टोपी, ताठ मान, समोर रोखलेली नजर.

फ्लेक्स दुपारच्या आत उतरवला गेला. किरणने स्वतः शिडी लावून उतरवला, असं मंगलताईंनी फोनवर सांगितलं. मी किरणला विचारलं. त्याने होय म्हटलं. तो शिडीवर असताना खाली माणसं जमली होती आणि त्यांच्यातून कुणीतरी एक, दोन म्हटलं, असं मंगलताई म्हणतात. आपल्याला काही ऐकू आलं नाही, असं किरण म्हणतो. शिडी खालून कुणी धरली होती, हे त्याने सांगितलं नाही. मंगलताईंनी सांगितलं. त्यांनी धरली होती.

फ्लेक्स गुंडाळून घरी नेला, एवढं दोघांचंही जुळतं.